पान सत्तेचाळीस

रोहिदास, तू विचारलंस कादंबरी कशी वाटली.
काउंटरवर मी 'बरी' म्हटलं,
मागे स्पर्धा परीक्षेची मुलं खोळंबली होती.
आता घरी बसून नीट सांगते.

पहिली दोनशे पानं उत्तम.
फेरीबोटीवरचा खलाशी, त्याला जन्मठेप,
आणि वीस वर्षांनी जुनी कागदपत्रं उपसणारी भाची,
जिला स्वतःलाच कळत नाही
मामा निर्दोष आहे की तिला तो तसा हवा आहे.
हे लेखकाने छान धरलंय.
नदीचं वर्णन फार. आपण नदीकाठचेच,
भरती कधी येते ते आपल्याला सांगू नये.

शेवट पटला नाही.
कपाटामागे पत्र सापडतं,
त्यात खऱ्या गुन्हेगाराची कबुली, तारखेसकट,
ऱ्हस्वदीर्घाचीही चूक नाही.
एकतीस वर्षं कोर्टात टाइप केलं मी.
मरायला टेकलेल्या माणसाचा इतका स्वच्छ कागद
एकदाही माझ्या हाताखालून गेला नाही.

पण तक्रार ती नाही.
पान सत्तेचाळीसवर शिवणकाम करणारी सेवंता पहिल्यांदा येते,
तिथे समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय: हीच ती.
खाली दोन रेघा.
झालं.
तिने सुईत दोरा ओवला, मला संशय.
कात्रीला धार लावून मागितली, मला संशय.
खलाशाच्या म्हाताऱ्या आईला तिने पेज नेऊन दिली
तर मी म्हटलं, बघा, आता कशी गोड झाली.
दोनशे एकवीस पानं मी तिला सोडलं नाही.
आणि तिने काहीच केलं नव्हतं रे.
ती फक्त शिवत होती.

त्या रात्री मला रुझारिन कार्दोज आठवली. मयेची.
काजूच्या भट्टीवरचं तांब्याचं भांडं गेलं होतं,
ती साक्षीला. मी मिरजेहून लग्न होऊन
डिचोलीत आले त्याला तीन महिने,
घरी माझ्याशी सगळे मराठीच बोलायचे.
साहेबांचा घसा बसलेला. म्हणाले, तुम्हीच ऐकून घ्या.
ती म्हणाली, 'हांवें ताका पळयलो.'
माझ्या मिरजेच्या कानाने ऐकलं, पळाला.
तसंच इंग्रजीत टाइप केलं,
इंग्रजीतच वाचून दाखवलं,
आणि तिने अंगठा दिला, माशांचा वास असलेला.

सगुण माजिकला दोन वर्षं झाली.

निकालानंतर आठच दिवसांनी
सासूबाई खिडकीतून ओरडल्या, 'पळय, पळय!'
मी पदर खोचून थेट फाटकापर्यंत धावले.
मागे सगळं घर हसत होतं.
त्या मला झाडावरचा धनेश दाखवत होत्या.
मी फाटक धरून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.

तू म्हणशील, मग सांगितलं का नाही.
नोकरी कच्ची होती.
आणि सगुणने चोरलं असेलही.
भांड्याचा कान त्याच्या गोठ्यात सापडला,
आणखी दोन साक्षीदार होते.
निकालही मीच टाइप केलेला:
'आरोपी पळाला, यावरूनही दिसते की.'
यावरूनही.
त्या शेवटच्या 'ही'ला धरून
मी पेन्शनीपर्यंत आले.

म्हणून म्हणते, ते पत्र नको होतं.
लेखकाने भाचीला कागदांच्या ढिगात तशीच ठेवायची होती,
दिवा चालू, उत्तर नाही.
वाचकाला राग आला असता. येऊ दे की.

कादंबरी उद्या पाठवते.
पान सत्तेचाळीसवरचं मी खोडरबराने पुसलंय.
अक्षरं गेली, पण ज्याने लिहिलं त्याचा हात जड होता,
कागद तिरका धरला तर अजून वाचता येतं.
दोन दिवस उशीर झालाय.
दंड घे, आणि पावती दे.